ठाण्यातील दोन वह्या

हुबळीस बदलून आलेला एखादा बँकेतील कारकून किंवा रेल्वेतील तरुण घर शोधू लागला, म्हणजे भाड्याचा आकडा विचारण्यापूर्वी तो एक प्रश्न हमखास विचारतो : वस्ती कशी आहे? उत्तर देणारा क्षणभरही थांबत नाही. केशवापूर चांगले, विद्यानगर चांगले, नवनगर थोडे लांब पण शांत. आणि मग आवाज जरा खाली आणून दोन-तीन नावे अशी सांगितली जातात, की त्या बाजूस घर पाहूच नये. ती नावे कोणी ठरविली, केव्हा ठरविली, तेथे गेल्या वर्षी किती घरे फुटली आणि चांगल्या म्हटलेल्या वस्तीत किती फुटली, हे विचारण्याचा प्रघात नाही. वस्तीची अब्रू माणसाच्या अब्रूसारखीच तोंडोतोंडी फिरते. फरक इतकाच, की माणसाला निदान आपली बाजू मांडता येते.

आकड्यांकडे वळावे तर तेथेही हाती फारसे लागत नाही. हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील दोन गावे 1962 साली एका महापालिकेखाली आली. 2011 च्या जनगणनेत या जोडशहराची लोकसंख्या नऊ लाख त्रेचाळीस हजारांवर भरली. देशातील गुन्ह्यांची वार्षिक कोष्टके 1953 पासून निघत आहेत, आणि 1986 मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय विभागही स्थापन झाला. या कोष्टकांत मोठ्या शहरांचा वेगळा भाग असतो. त्यात पूर्वी दहा लाखांवरील 53 शहरे असत. पुढे वीस लाखांवरील 19 महानगरे तेवढी राहिली. हुबळी-धारवाड पहिल्या यादीत अर्ध्याअधिक लाखाने हुकले, आणि दुसऱ्या यादीत ते बसण्याचा प्रश्नच आला नाही. जिल्हावार याद्यांत येथील पोलीस आयुक्तालयाची एक ओळ असते. पण जुन्या हुबळीतील ओणी, दुर्गद बैलाचा बाजार, धारवाडचे सप्तपूर आणि उणकल तळ्याकाठची नवी घरे ही सारी त्या एका ओळीत कोंबलेली असतात. ओणी म्हणजे गल्ली. आपली ओणी सुरक्षित आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत शोधणारा माणूस पावसाचे जिल्ह्याचे सरासरी मान पाहून छत्री घ्यावी की नाही हे ठरविणाऱ्यासारखा ठरेल.

शिवाय गुन्ह्याचा आकडा म्हणजे नेमके काय, याचाही उलगडा व्हावयास हवा. जो गुन्हा घडला, तो मोजला जात नाही. जो गुन्हा घडला, ज्याविषयी कोणी ठाण्यात जाऊन सांगितले, आणि ज्याची ठाण्यातील अंमलदाराने नोंद केली, तो मोजला जातो. या तिन्ही पायऱ्या चढून जो वर पोहोचला, तोच कोष्टकात दाखल होतो. म्हणून कोष्टके काढणारा विभागच वाचकाला बजावीत असतो, की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केरळसारखे शिकलेले राज्य गुन्ह्यांच्या दरात अनेक वर्षे वरच्या क्रमांकांवर दिसते. तेथील माणूस इतरांहून अधिक दुष्ट आहे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तेथे लोक ठाण्यात जातात आणि ठाण्यातील माणूस लिहून घेतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे. उलट ज्या भागातून वर्षभरात एकही तक्रार आली नाही, तो भाग कागदावर रामराज्य वाटतो. प्रत्यक्षात तेथे रामराज्य असेल, किंवा तेथील लोकांनी ठाण्याची पायरी चढणे सोडून दिले असेल. आकडा या दोहोंत भेद करू शकत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आली असता ती नोंदविलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात निक्षून सांगितले. तरीही एक मोठी फट राहतेच, आणि ती धमकीची. चोरी झाली, खून झाला, म्हणजे काहीतरी दाखविण्याजोगे असते. धमकी ही केवळ बोलणे असते. एखाद्या मुलीने अथवा तिच्या घरच्यांनी ठाण्यात येऊन सांगितले, की अमुक माणूस मागे लागला आहे, जिवे मारीन म्हणतो, तर ते ऐकणाऱ्याला अनेक वाटा उपलब्ध असतात. प्रकरण अदखलपात्र म्हणून एका ओळीत नोंदवावे. त्या माणसाला बोलावून दम द्यावा. किंवा ‘पोरांचे प्रकरण आहे, घरीच मिटवा’ असे म्हणून बोळवण करावी. कायद्यात याहून अधिक करण्याची सोय नव्हती असे मुळीच नाही. गुन्हा घडण्यापूर्वीच तो टाळण्यासाठी हस्तक्षेप करण्याचा, जामीन लिहून घेण्याचा, प्रसंगी अटकही करण्याचा अधिकार जुन्या फौजदारी संहितेत पोलिसांस व दंडाधिकाऱ्यांस दिलेला होता, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेतही तो कायम आहे. पण हा अधिकार वापरण्यास मुळात कोणाचे तरी बोलणे खरे मानावे लागते.

2024 च्या उन्हाळ्यात हुबळीने या फटीची किंमत पाहिली. 18 एप्रिल रोजी एका महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीचा चाकूने भोसकून खून झाला. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. मोर्चे निघाले, नेते आले, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि मृत मुलीपेक्षा मारणारा कोणत्या धर्माचा याचीच चर्चा अधिक झाली. त्याला महिना होण्याच्या आत, 15 मे रोजी पहाटे, वीरापूर ओणीत एका तरुणीला तिच्या घरात शिरून मारण्यात आले. ही मुलगी गरिबाघरची. या वेळी मारणारा व मरणारी यांच्या धर्मावरून काही पेटविण्यासारखे नव्हते. म्हणून की काय, गर्जनाही थोडी कमी झाली. परंतु या दुसऱ्या घटनेत जी एक गोष्ट उघड झाली, ती पहिल्या घटनेच्या साऱ्या गदारोळाहून मोलाची आहे. त्या माणसाने आधीच धमकी दिली होती, एप्रिलमधील खुनाचा दाखला देऊन दिली होती, आणि ती आपण पोलिसांच्या कानावर घातली होती, असे मुलीच्या घरच्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्याची दखल घेतली गेली नाही, हा आरोप इतका गंभीर ठरला, की ठाण्याचे निरीक्षक व एक महिला हवालदार निलंबित झाले, आणि काही दिवसांत शहराचे एक पोलीस उपायुक्तही. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला.

नगररचनेचा विचार करणाऱ्या जेन जेकब्ज या अमेरिकन विदुषीने 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते, की रस्त्याचे खरे रखवालदार पोलीस नसून दारात, खिडकीत, दुकानाच्या फळीवर बसलेली माणसे असतात; रस्त्याकडे लागलेले डोळे असतात. जुन्या हुबळीतील ओणीइतके डोळे तर अमेरिकेतील कोणत्याच रस्त्याला लाभले नसतील. कट्ट्यावर म्हातारी माणसे, नळावर बाया, सायकलीच्या दुकानात पोरे. कोण आला, कोण गेला, कोणाच्या घरी पाहुणा उतरला, हे सगळ्यांस ठाऊक. तरीही पहाटे माणूस आला आणि गेला. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले जोवर ठाण्यापर्यंत पोहोचून कागदावर उतरत नाही, तोवर ते डोळे साक्षीपुरतेच उपयोगी पडतात. आणि साक्ष ही गुन्ह्यानंतरची गोष्ट आहे.

आता ठाण्यातील दुसऱ्या वहीकडे वळावयास हवे. पहिली वही फिर्यादींची : काय घडले, कोणावर बेतले, कोण सांगत आहे. दुसरी वही माणसांची : कोणावर नजर ठेवावयाची. ही दुसरी वही अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. पुनःपुन्हा दरोडा घालणाऱ्याचे नाव पोलिसांनी टिपून ठेवू नये, असा आग्रह धरणारा मनुष्य कधी दरोड्यात सापडलेला नसावा. परंतु हीच वही एकेकाळी या शहरात कशी लिहिली गेली, हे आठवणे अगत्याचे आहे. कारण हुबळीच्या एका भागाला त्या वहीवरूनच नाव पडले, आणि ते आजतागायत पुसले गेलेले नाही. गंगाधरनगर असे नवे नाव असलेल्या त्या भागास जुने लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. गदगजवळ बेटगेरीतही सेटलमेंट आहे. मराठी श्रोत्यांस सोलापूरची सेटलमेंट परिचित असेल. तेथे तर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाच्या वसाहती पत्त्यात क्रमांकासह लिहिल्या जातात. ‘फ्री’ म्हणजे मोकळी. जी मोकळी नव्हती, तिच्यापासून वेगळी ओळखू यावी म्हणून तिला तसे म्हणावे लागले.

ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार होतो, तद्वत चोराचा मुलगा चोरच होणार, असा सरळसोट विचार त्यामागे होता. आपल्या समाजातील जातिव्यवस्थेचा साहेबाने काढलेला हा अर्थ आपल्याच पुष्कळ शिष्टांस तेव्हा पटला, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला, आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होता. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली, की ती जाहिरात बरोबर की चूक, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नसे. मग त्या जमातीतील माणसांची नोंद व्हावयाची, बोटांचे ठसे घेतले जावयाचे. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची. गावाबाहेर जावयाचे तर दाखला हवा. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याचीही तरतूद त्यात होती. सामान्य माणसास जेथे काही महिन्यांची कैद, तेथे या वहीत नाव असलेल्यास दुसऱ्या अपराधाला सात वर्षे आणि तिसऱ्याला जन्मठेप काळ्या पाण्याची, अशी वेगळी तराजू ठेवलेली होती.

स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने विजापुरात या वसाहतींचा प्रयोग सुरू केला. या माणसाविषयी एका वाक्यात निर्णय देणे कठीण आहे. नुसते तुरुंगात टाकून माणूस सुधारत नाही, त्याला काम दिले पाहिजे, त्याच्या मुलांना शाळा दिली पाहिजे, इतके त्याला समजले होते. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या मागासवर्ग-समितीचा तो अध्यक्ष होता, आणि डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे त्या समितीचे सभासद होते. पण काम आणि शाळा या दोन्ही गोष्टी त्याने काटेरी तारेच्या आत दिल्या. जेथे मजूर हवे असत, तेथे वसाहती उभारल्या गेल्या. सोलापुरात गिरण्या होत्या. हुबळीत कापसाची मोठी पेठ होती, गिरणी होती, आणि सदर्न मराठा रेल्वेने 1880 च्या दशकात उभारलेला कारखाना होता. घंटीचोर, हरणशिकारी, कोरव, कैकाडी, छप्परबंद अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लोकांस गावोगावहून आणून तेथे ठेवण्यात आले. हुबळी-सोलापूरसह काही वसाहतींचा कारभार ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होता. त्यांनी मुलांना अक्षरओळख करून दिली, दवाखाने चालविले, हे खरे. आणि हजेरीची वहीही त्यांनीच सांभाळली, हेही तितकेच खरे. सकाळी कारखान्याचा भोंगा, संध्याकाळी हजेरीची घंटा. ज्याची वर्तणूक चांगली ठरे, त्यास तारेबाहेर राहण्याची परवानगी मिळे, आणि पुढे ‘फ्री कॉलनी’त घर.

या व्यवस्थेने शहर सुरक्षित झाले काय? बाजारपेठेतील व्यापाऱ्यास तसे वाटले असेल. रात्री चोरी झाली, म्हणजे पोलीस कोठे जाणार हे त्याला ठाऊक असे; आणि पोलिसांनाही ते ठाऊक असे. अडचण अशी, की ते खऱ्या चोरालाही ठाऊक असे. ज्याची चौकशी व्हावयाची ती वस्ती आधीच ठरलेली असताना दुसरीकडे राहणाऱ्या चोराला यापेक्षा अधिक निर्धास्त शहर कोणते मिळणार? याची दुसरी बाजू अधिक दुःखदायक आहे. त्या तारेआड राहणाऱ्या बाईच्या अंगावरचा डाग कोणी ओरबाडून नेला, तिच्या मुलीचा कोणी पाठलाग केला, तर तिने कोणाकडे जावे? जिचे नाव दुसऱ्या वहीत लिहिलेले आहे, तिचे बोलणे पहिल्या वहीत कोण उतरवून घेणार? संशयितांच्या यादीतील माणसाला फिर्यादी होता येत नाही. असा एक समग्र भाग शहरात तयार झाला, की ज्यातून फक्त आरोपी निघू शकत होते.

मुंबईत 1937 साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी झाली व 1939 मध्ये अहवाल निघाला. मुंबई राज्याने 1949 मध्ये कायदा रद्द केला; सबंध देशात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. हा दिवस भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांत विमुक्तदिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षे उलटल्यावर स्वातंत्र्य मिळालेले हे नागरिक आहेत. त्यानंतर धारवाड जिल्हा 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याने 1961 साली सराईत गुन्हेगारांसंबंधी कायदा केला. नव्या कायद्यात जमातीचे नाव नाही. व्यक्तीचे मागील अपराध पाहावयाचे आहेत. न्यायाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण ठाण्यातील जुना हवालदार जेव्हा नव्या हवालदाराला वस्तीची माहिती देतो, तेव्हा तो कायद्याचे पुस्तक उघडीत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. पोलिसांची थाप मात्र दारावर पडतच होती. बाळकृष्ण रेणके आणि भिकू इदाते या दोघा मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने वेगवेगळ्या काळी आयोग नेमले; त्यांचे अहवाल अनुक्रमे 2008 व 2017 मध्ये आले. आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयास असा निर्णय द्यावा लागला, की तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीवरून काम वाटणारे नियम घटनाबाह्य आहेत, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, आणि विमुक्त जमातींतील लोकांस मनमानी पद्धतीने अटक होऊ नये. 1871 ते 2024, म्हणजे एकशे त्रेपन्न वर्षे.

हा दोष केवळ आपल्याकडचा, असेही समजण्याचे कारण नाही. चार्ल्स बूथ या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे नकाशे तयार केले, त्यांत सर्वांत खालच्या थरातील लोकांचे रस्ते काळ्या रंगाने भरले व तेथील रहिवाशांस ‘अर्धगुन्हेगार’ अशी पदवी दिली. रस्त्यालाच रंग दिल्यावर त्या रस्त्यावर जन्मलेल्या बाळाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. याचे उत्तर पुढे शिकागो शहरात मिळाले. शॉ आणि मॅके या दोन अभ्यासकांनी तेथील बालगुन्हेगारांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून 1942 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांत आज जर्मन, उद्या आयरिश, परवा इटालियन आणि पोलिश अशी माणसे येऊन राहत. दर पिढीला रहिवासी बदलत. पण त्या भागातील बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राही, आणि तेथून उठून चांगल्या भागात गेलेल्या त्याच कुटुंबांत ते उतरे. गुन्हा रक्ताबरोबर प्रवास करीत असता, तर तो त्या कुटुंबांच्या सामानाबरोबर नव्या घरी गेला असता. दिवा नसलेली गल्ली, काम नसलेला तरुण, शाळा सुटलेले पोर आणि दाद न देणारे ठाणे, ही सारी मागे त्याच जागी राहतात, व नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला जातात.

इतके कळूनही संकटाच्या क्षणी मन पुन्हा यादीकडेच धावते. 16 एप्रिल 2022 च्या रात्री समाजमाध्यमावरील एका चित्रावरून जमाव जुन्या हुबळीच्या पोलीस ठाण्यावर चालून गेला. दगडफेक झाली, अनेक पोलीस जखमी झाले. ज्यांनी दगड मारले त्यांना शासन झालेच पाहिजे, यात दुमत असू नये. पण दुसऱ्या दिवसापासून ‘जुनी हुबळी’ या दोन शब्दांचा उच्चारच बदलला, आणि त्या रात्री आपापल्या घरात कडी लावून बसलेल्या हजारो माणसांच्या कपाळी तो दगड लागला. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने या प्रकरणातील खटले मागे घेण्याचे ठरविले, आणि मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एका बाजूने सरसकट दोष, दुसऱ्या बाजूने सरसकट माफी. माणसागणिक पुरावा पाहण्याचे कंटाळवाणे काम मात्र न्यायालयाकडेच उरले. एप्रिल 2025 मध्ये पाच वर्षांच्या एका बालिकेचा निर्घृण खून झाला. संशयित परप्रांतातून आलेला मजूर होता; तो त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने मेला. शहरात पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या माउलीचे दुःख ज्याला समजते, तो त्या निःश्वासाला नावे ठेवणार नाही. पण खटला न झाल्यामुळे काही प्रश्न विचारलेच गेले नाहीत. भर दिवसा घराजवळून मूल उचलले जाते, आणि जवळच रिकामी पडकी खोली असते, ती कोणाच्या मालकीची, तिला दार का नव्हते, हे प्रश्न त्या यादीत येत नाहीत. यादी बाहेरून आलेल्यांची करावी, असे वाटू लागते. घंटीचोर आणि हरणशिकारी हेही एका काळी बाहेरून आलेलेच होते.

जुलै 2025 मध्ये कर्नाटक सरकारने ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, ही योजना सुरू केली. गस्तीचा शिपाई चाळीस-पन्नास घरांचा एक गट धरून प्रत्येक घरी जाणार, ओळख करून घेणार, अडीअडचणी विचारणार. कल्पना चांगली आहे. नळाचे पाणी आले नाही तर कोणाकडे जावयाचे हे ओणीतील बाईला माहीत असते. तसे धमकी आली तर कोणाकडे जावयाचे, हे नावानिशी माहीत असावे. मात्र सेटलमेंटमधील म्हाताऱ्या माणसाला दारातील पोलिसाचा अर्थ निराळा आठवतो, याचीही जाण त्या शिपायाला देऊन पाठवावयास हवे. घरात किती माणसे राहतात, कोठून आली, काय करतात, हे त्याने विचारले, तर त्याच्या हातात दुसरी वही आहे. घरात कोणाला कशाची भीती वाटते, गल्लीतील कोणता दिवा बंद आहे, मुलगी शिकवणीहून कोणत्या वाटेने येते, हे विचारले, तर पहिली.

ज्यांना ठाण्यात जावयाचे आहे त्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. फिर्याद तोंडी सांगितली तरी चालते. अंमलदाराने ती लिहून घ्यावयाची, वाचून दाखवावयाची आणि मग सही किंवा अंगठा घ्यावयाचा असतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, या सबबीवर परत पाठविता येत नाही. नव्या संहितेप्रमाणे ती संगणकाद्वारेही पाठविता येते. मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीस फुकट मिळते, आणि ती मागून घ्यावी. लिहून घेण्यास नकार मिळाला, तर तीच हकीकत कागदावर लिहून टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे येथे पोलीस आयुक्तांकडे पाठविता येते, व तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्रसंग तातडीचा असेल तर 112 हा क्रमांक आहे. आयुक्तांचे कार्यालय हुबळी व धारवाड यांच्या मधल्या रस्त्यावर नवनगर येथे आहे.